पुढच्या ब्रेक डिस्क घरी बदलताना: आधी हब घासा, मग डिस्क बसवा

कुंभार्ली घाट उतरून पोफळीजवळ आलो की ब्रेकवर पाय ठेवताच माझ्या स्विफ्टचं स्टिअरिंग हातात थरथरायचं. पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या, मी अंगणातच बदलल्या आणि गाडी अलगद थांबायला लागली. साधारण तीन हजार किलोमीटर झाले आणि तीच थरथर परत आली. डिस्क नव्या होत्या, डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड नवे होते, बोल्ट मापात आवळलेले होते. चूक एकाच जागी झाली होती. जुनी डिस्क निघाल्यावर मागे जो हब, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो गोल भाग, दिसतो, त्यावरचा गंज मी फडक्याने नुसता पुसला होता, घासून काढला नव्हता.

हबवर एका बाजूला गंजाचा पापुद्रा राहिला की नवी डिस्क किंचित तिरकी बसते. डोळ्यांना ते कळत नाही. पण चाक एका किलोमीटरला साधारण 500 वेळा फिरतं आणि दर फेऱ्याला डिस्कची तीच जागा पॅडला हलकेच घासून जाते, ब्रेक दाबलेला नसला तरी. तीन हजार किलोमीटरमध्ये असं पंधरा लाख वेळा होतं. तेवढ्यात डिस्क त्या जागी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी इतकी झिजते, आणि जाडीतला तेवढा फरकही हाताला जाणवायला पुरतो. लोक म्हणतात, ‘डिस्क वाकली.’ खरं तर बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा थर तिच्यावर एकसारखा बसलेला नसतो. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त वेळ हबपाशी घालवणार आहे.

आधी खात्री करा

ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढच्या डिस्कचा दोष आहे. ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला थरथर येत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्या. फक्त पेडल धडधडत असेल आणि स्टिअरिंग शांत असेल तर मागचे ड्रमही बघायला हवेत. जोरात ब्रेक मारल्यावर एबीएसमुळे (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पेडल पायाखाली फडफडतं, ते मात्र बरोबरच आहे.

आमच्या कोकणात पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबडा गंज चढतो आणि सकाळी पहिल्या ब्रेकला खर्र आवाज येतो. त्याने घाबरून डिस्क बदलू नका. चार-पाच वेळा ब्रेक लागला की तो गंज निघून जातो. पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावर खोल खड्डे, नखाला अडकणाऱ्या चरा, निळे डाग किंवा भेग दिसली तर मात्र डिस्क बदलायची वेळ आली आहे. भेग असेल तर गाडी चालवूच नका.

शेवटी निर्णय जाडीवर होतो. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. नवी डिस्क 20 मिलिमीटरची असेल तर तो 18 च्या आसपास असतो. मोजताना एक फसगत होते. बाहेरच्या कडेला न झिजलेली धार उरलेली असते आणि व्हर्नियरचे जबडे त्या धारेवरच टेकतात, त्यामुळे झिजलेली डिस्कही जाड भरते. मायक्रोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरा, नाण्यांसकट माप घ्या आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. कडेपासून साधारण 10 मिलिमीटर आत, आठ वेगवेगळ्या जागी मोजा. जाडी किमान आकड्याच्या जवळ आली असेल तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे तासून सपाट करून, घेण्यात अर्थ नाही. डिस्क बीडाची असते, पातळ झाली की लवकर तापते. तुमची गाडी माणसांसकट 1300 किलोची धरा आणि ती घाटात 600 मीटर खाली उतरली असं समजा. इंजिनाने काहीच रोखलं नाही तर 24 लिटर गार पाणी उकळायला लागेल एवढी उष्णता ब्रेकमध्ये जाते, आणि तिचा मोठा वाटा या पुढच्या दोन डिस्क सोसतात.

काय आणायचं

डिस्क नेहमी जोडीने बदला, एकच बदललीत तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. डिस्कबरोबर पॅडही नवेच घ्या. जुने पॅड जुन्या डिस्कच्या चरांप्रमाणे झिजलेले असतात, ते नव्या डिस्कवर पूर्ण टेकत नाहीत. दुकानात जाताना आरसीची प्रत न्या. एकाच मॉडेलमध्येही वर्ष आणि व्हेरिएंटप्रमाणे डिस्कचं माप बदलतं, आणि दुकानदार चॅसी नंबरवरून बरोबर पार्ट काढून देतो. घरी आणल्यावर जुन्या डिस्कशी व्यास, उंची आणि नटांची भोकं ताडून बघा. काही मोठ्या गाड्यांच्या डिस्कमध्ये हवा जायचे पडदे वळलेले असतात. तिथे डावी-उजवी वेगळी असते, ते आधीच विचारून घ्या.

हत्यारांत जॅक, दोन जॅक स्टँड, व्हील पाना, 12, 14 आणि 17 चे सॉकेट, लांब दांडा, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना), सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, 80 आणि 120 नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, गंज सोडवायचा स्प्रे, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, मजबूत तार, नायट्राइल हातमोजे आणि मास्क लागतो. टॉर्क रेंच महाग वाटला तर एखाद्या गॅरेजवाल्याकडून एका दिवसासाठी मागून आणा, पण त्याच्याशिवाय हे काम करू नका.

गाडी उचलणं

सपाट, टणक जागा हवी. पेव्हर ब्लॉक खचलेले असतील किंवा अंगण मातीचं असेल तर जॅकखाली जाड फळी घ्या. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, तेव्हा पुढची बाजू उचलली तरी तो गाडी धरून ठेवतो.

चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करा. मग गाडी उचलून कंपनीने दिलेल्या ठिकाणी खाली जॅक स्टँड लावा. गाडीबरोबर येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर चाक काढलेल्या गाडीजवळ हात घालू नका. स्टँडऐवजी विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचलेले मी पाहिले आहेत. ब्लॉक वरून शाबूत दिसतो आणि क्षणात दुभंगतो. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे काही घसरलंच तर गाडी चाकावर टेकेल. गाडी स्टँडवर बसली की तिला हाताने ढकलून पाहा, आणि मगच पुढे जा.

एका वेळी एकच बाजू उघडा. कुठली क्लिप कुठे होती असा प्रश्न पडला की दुसरी बाजू बघायला मिळते. तरी मोबाइलवर फोटो काढून ठेवाच.

कॅलिपर आणि ब्रॅकेट

बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण सैल करा. कॅलिपर म्हणजे डिस्कवर बसून पॅड दाबणारा भाग. त्यातला पिस्टन मागे ढकलला की ऑइल वर चढतं. बाटली काठोकाठ भरलेली असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं, म्हणून बाजूला पाण्याची बाटली ठेवा आणि थेंब पडला की लगेच धुवा.

स्टिअरिंग अशा बाजूला वळवा की कॅलिपरची मागची बाजू तुमच्याकडे येईल. कॅलिपर दोन लहान बोल्टांनी सरकत्या पिनांवर बसवलेला असतो, हे बोल्ट बहुतेक लहान गाड्यांत 12 किंवा 14 चे असतात. ते काढून कॅलिपर सरकवून बाजूला घ्या. तो रबरी होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, कधीही लोंबकळत सोडू नका. होज बाहेरून धड दिसला तरी आतून फाटतो. तारेने कॅलिपर सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा.

पॅड काढताना कुठला आतला, कुठला बाहेरचा ते बघून ठेवा. पॅड संपत आला की चिरकणारी छोटी पत्री बहुधा आतल्या पॅडवर असते. आतला किंवा बाहेरचा पॅड दुसऱ्यापेक्षा बराच जास्त झिजलेला असेल तर पिना जाम झाल्या आहेत असं समजा.

आता ब्रॅकेटचे, म्हणजे कॅलिपर आणि पॅड ज्या चौकटीत बसतात तिचे, दोन मोठे बोल्ट, बहुधा 17 चे. हे फार घट्ट असतात आणि मागून, उलट्या दिशेने काम करावं लागत असल्याने कित्येकजण सोडवायच्या ऐवजी आवळत बसतात. बोल्टच्या डोक्याकडे तोंड केल्याची कल्पना करा आणि तिथून घड्याळाच्या उलट फिरवा. लांब दांडा लावून सावकाश जोर द्या. अडला तर स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. एबीएसच्या सेन्सरची वायर जवळूनच जाते, तिच्यावर हत्यार घसरू देऊ नका.

डिस्क निघत नाही तेव्हा

ब्रॅकेट निघाल्यावर डिस्क हातात यायला हवी. कोकणातल्या गाडीत ती सहसा येत नाही, हबला गंजाने चिकटलेली असते. डिस्कच्या टोपीवर नीट पाहा, दोन नटांच्या मध्ये दोन आटेवाली भोकं दिसतील. ती याचसाठी ठेवलेली असतात. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट बसतात. भोकांतली माती खरवडा, स्प्रे मारा, दोन बोल्ट हाताने लावा आणि मग पान्याने आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा फिरवत जा. एक क्षण असा येतो की पाना घट्ट होतो, आता बोल्ट तुटेल असं वाटतं, आणि ठक्क असा आवाज होऊन डिस्क सुटते. एकच बोल्ट पुढे दामटत नेलात तर भोकाचे आटे जातात, म्हणून आळीपाळीनेच.

ह्युंदाई आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत डिस्क दोन छोट्या स्क्रूंनी हबला धरलेली असते. ते आधी काढायला हवेत. साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी सोलतात, तिथे हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. डिस्कवर हातोडा मारायची वेळ आलीच तर लाकडाचा तुकडा मध्ये धरा आणि आळीपाळीने समोरासमोर ठोका. जोराने एकाच बाजूला मारलं तर त्याचा मार हबच्या बेअरिंगला बसतो.

हब

आता हबचा तोंडाचा भाग उघडा पडला. डिस्क याच सपाट भागावर टेकते. त्यावर लाल, खवल्यांसारखा गंज असेल. सर्वांत जास्त गंज नट ज्यांवर चढतात त्या स्टडच्या मुळाशी आणि मधल्या गोल खांद्याभोवती असतो. आधी बोथट पटाशीने किंवा खरवडणीने मोठे पापुद्रे काढा, मग तारेचा ब्रश, मग 80 चा पॉलिश पेपर. स्टडच्या मुळाशी ब्रश पोचत नाही. तिथे मी पॉलिश पेपरची अंगठ्याएवढी गोल चकती कापून तिला मधोमध भोक पाडतो, स्टडवर चढवतो आणि जुना सॉकेट वरून दाबत फिरवतो. चार स्टडना प्रत्येकी दोन-तीन मिनिटं लागतात. धातू खाऊन जाईल असं ग्राइंडर वापरू नका, आपल्याला गंज काढायचा आहे.

लोखंड करडं, एकसारखं दिसू लागलं की स्टीलची फूटपट्टी धारेवर उभी धरून हबवर ठेवा आणि मागून मोबाइलचा उजेड पाडा. उजेड कुठे फुटतोय ते पाहा, मग पट्टी फिरवून दुसऱ्या दिशेने पाहा. डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त कळतं. हातमोजा काढून बोट हळूच सरकवलं की उरलेला कण लागतो. शेवटी ब्रेक क्लीनर मारून पुसून घ्या. मधल्या खांद्यावर अगदी पातळ अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारी पेस्ट) लावायला हरकत नाही, पुढच्या वेळी डिस्क सहज सुटते. पण सपाट तोंडावर थर देऊ नका आणि स्टडच्या आट्यांना काहीही लावू नका.

जुनी डिस्क काही कारणाने परत बसवणार असाल तर तिच्या आतल्या बाजूलाही अशीच मेहनत घ्यावी लागेल.

नवी डिस्क

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुऊन काढा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. क्लीनर नसेल तर भांड्यांच्या साबणाच्या गरम पाण्याने धुवून लगेच कोरडी करा. त्यानंतर घासण्याच्या भागाला उघड्या हाताने धरू नका.

डिस्क हबवर चढवा आणि वॉशर घालून सगळे नट समोरासमोरच्या क्रमाने, माफक आवळा, म्हणजे ती पूर्ण टेकेल. गिअर न्यूट्रल करा, कारण गिअरमध्ये पुढचं चाक फिरणार नाही. हँडब्रेक आणि ठोकळे आहेतच. डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) मिळाला तर त्याचं टोक कडेपासून 10 मिलिमीटर आत टेकवा आणि डिस्क हळू फिरवा. काटा 0.05 मिलिमीटरच्या आत हलला तर काम उत्तम झालंय. बऱ्याच गाड्यांना 0.10 पर्यंत सूट असते. जास्त येत असेल तर डिस्क काढून एक स्टड पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. चार स्टडच्या गाडीत अशा चार जागा मिळतात, त्यातली सर्वांत कमी आकड्याची ठेवा. चारही जागी आकडा वाईट येत असेल तर गंज राहिलाय किंवा बेअरिंग गेलंय. मी हे दुसऱ्या वेळी केलं तेव्हा पहिल्या जागी 0.09 आलं आणि दोन स्टड फिरवल्यावर 0.03. त्यानंतर घाटात स्टिअरिंग हललेलं नाही.

पिना, पिस्टन, पॅड

ब्रॅकेटमधल्या दोन्ही सरकत्या पिना बाहेर काढा, जुनं ग्रीस पुसा, गंजाचे डाग असतील तर बारीक पेपरने घासा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून परत घाला. साधं बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन जाम होते. काही गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, अदलाबदल करू नका. पॅड जिथे बसतात त्या क्लिपांखालचा गंज खरवडा, नाहीतर पॅड अडकून डिस्कला घासत राहतो.

पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू आत दाबा आणि ऑइलच्या बाटलीवर लक्ष ठेवा. पिस्टनभोवतीचा रबरी बूट फाटलेला दिसला, कडेने ऑइल ओलसर झालं असेल, किंवा पिस्टन हलतच नसेल तर इथेच थांबून कॅलिपर मेकॅनिककडे न्या.

ब्रॅकेट बसवा, पॅड घाला, कॅलिपर चढवा. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा बोटाचा ठसाही लागू देऊ नका. बोल्ट आधी हाताने आटे लागेपर्यंत फिरवा, मग टॉर्क रेंचने आवळा. नेमके आकडे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. अंदाज म्हणून, लहान गाड्यांत ब्रॅकेटचे बोल्ट 85 न्यूटन मीटरच्या आसपास असतात, तर पिनांचे लहान बोल्ट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. लहान बोल्टांवर जोर दाखवला की ते तुटतात. चाकाचे नट लहान गाड्यांत साधारण 85 ते 110 च्या दरम्यान असतात. तेही समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा. एअर गनने एकदम दामटलेले नट चांगल्या डिस्कलाही तिरकं धरतात. टायरच्या दुकानात चाक काढलंत की तिथेही हाताने आवळायला सांगा.

गाडी हलवण्याआधी

चाकं जमिनीवर आली, पण अजून किल्ली फिरवू नका. पिस्टन आत ढकललेला आहे, म्हणून पहिल्यांदा ब्रेक दाबलात तर पेडल थेट खाली जाईल. पेडल हळूहळू दाबत राहा. आठ-दहा वेळांत ते वर येऊन टणक होतं. टणक झालं नाही, किंवा दाबून ठेवल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर गाडी रस्त्यावर काढू नका. ऑइलची पातळी बघा, लागलं तर झाकणावर लिहिलेलंच, डॉट 3 किंवा डॉट 4, सीलबंद डब्यातून घाला. उघडून वर्ष झालेला डबा टाकून द्या, ते ऑइल हवेतलं पाणी शोषतं.

मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर पहाटे जा. ताशी 60 वरून 20 पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, पण गाडी पूर्ण थांबवू नका. अर्धा मिनिट चालू द्या, पुन्हा तसंच. असं आठ-दहा वेळा. थोडा जळका वास येईल, तो नव्या पॅडचा आहे. त्यानंतर पाच-सहा किलोमीटर ब्रेक न वापरता गार होऊ द्या. गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा तिथेच चिकटतो आणि थरथरीला पुन्हा सुरुवात होते. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये घाट टाळता आला तर टाळा. टाळता येत नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरा.

शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट टॉर्क रेंचने एकदा तपासा. जुन्या डिस्क भंगारवाल्याकडे द्या, बीड किलोवर जातं. देण्याआधी त्यांच्या मागच्या बाजूला, हबला टेकणाऱ्या कड्यावर, गंजाचा ठसा कुठे दाट आणि कुठे पातळ आहे ते उजेडात धरून एकदा पाहून घ्या.